डावा पाय मागे

श्रीधर टेंबे यांनी आयुष्यात फॉर्म भरताना कधी चूक केली नव्हती, आणि ज्या माणसाने जर्मनीत बावीस वर्षं काढली आहेत त्याच्याबद्दल असं म्हणणं ही काही साधी गोष्ट नाही. घर, गाडी, विमा, मुलीची किंडरगार्टनमधली जागा, बाल्कनीत तुळशीची कुंडी टांगण्याची परवानगी, या सगळ्याचे फॉर्म त्यांनी काळ्या शाईत, चौकोनाबाहेर रेघ न जाऊ देता भरले होते. नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात ते गिअरबॉक्सवर होते आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाबद्दल वाद निघाला की लोक त्यांच्याकडे येत. अशा माणसाने एका चौकोनात भलतीच खूण केली आणि त्यापायी सहा आठवडे एका सत्तर वर्षांच्या निवृत्त फोरमनच्या मिठीत काढले, हे सांगून कोणाला पटणार नाही. पण झालं ते असं.

मार्चमधल्या एका रविवारी ईश्वरीचा फोन आला. ईश्वरी म्हणजे टेंब्यांची एकुलती एक मुलगी. कायझर्सलाउटर्नला मेकॅनिकलचं मास्टर्स नुकतंच पुरं केलेली, उंचीने आईच्या, म्हणजे कुंदाताईंच्या, माहेरावर गेलेली, म्हणजे बापापेक्षा चार बोटं वर. ती मराठी ऐकते आणि जर्मन बोलते. आईबाप जर्मन ऐकतात आणि मराठी बोलतात. घरातलं हे आयात-निर्यात धोरण ती चार वर्षांची असल्यापासून चालू आहे आणि त्यावर कोणत्याही पक्षाची तक्रार नाही.

"पापा," ती तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, "जूनमध्ये आमच्या विभागाचा बॉल आहे. ज्यांना या वर्षी डिग्री मिळाली त्यांनी पहिला वॉल्ट्झ आई नाहीतर वडिलांबरोबर नाचायचा असतो. मम्माचा गुडघा तसा, तर... तू येशील?"

"येईन की," टेंबे म्हणाले. गेली पाच वर्षं मुलीने त्यांच्याकडे हिवाळी टायर आणि टॅक्सचा फॉर्म यांपलीकडे काही मागितलं नव्हतं. तिने कायझर्सलाउटर्नपर्यंत उलटं चालत ये म्हटलं असतं तरी ते त्या क्षणी हो म्हणाले असते. पुढे ते फार वेगळं ठरलं नाही.

"आणि हे बघ," ती घाईघाईने पुढे म्हणाली, "प्रॅक्टिस वगैरे काही करू नकोस. एश्त, खरंच गरज नाही. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. कोणी बघत नसतं. प्लीज, नकोच करूस."

फोन ठेवल्यावर कुंदाताईंना आनंद झाला आणि टेंब्यांना घोर लागला. "ती नको का म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"नाही. तिला वाटतं, हा माणूस शिकून शिकून काय शिकणार? मुलीला माझी लाज वाटते, कुंदा." आणि हे ते नुसतं बोलले नाहीत, त्यांना ते लागलं. रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

चार दिवसांनी निमंत्रण आलं, त्याबरोबर एक छापील पुस्तिका. जर्मन माणूस इतिहास सांगितल्याशिवाय नाचत नाही. बॉल सुरू झाला तेव्हा मशीनबाऊला, म्हणजे मेकॅनिकलला, मुली जवळजवळ नव्हत्याच, म्हणून शेजारच्या नर्सिंग शाळेतल्या मुलींना बोलावणं जाई; प्रत्येक मुलीच्या मनगटाला एक छोटं कार्ड बांधलेलं असे, त्यावर कितव्या नाचाला कोण हे मुलग्यांनी पेन्सिलीने आधी लिहून घ्यायचं; मग कोणाला तरी हे जुनाट वाटलं आणि कार्डं गेली; मग डिस्को आला आणि बॉलच गेला; मग नातवंडांना आजोबांचे कोट सापडले आणि बॉल परत आला. सोबत एक जुना फोटो होता. त्यात भिंतीला टेकून बसलेल्या चार मुली आपापल्या कोऱ्या कार्डांकडे बघत होत्या. त्या फोटोखाली मात्र काही लिहिलेलं नव्हतं.

टेंब्यांना स्वतःचं कॉलेज आठवलं. पुण्याला त्यांच्या वर्गात एकोणसाठ मुलगे आणि एक मुलगी. गॅदरिंगला मुली पहिल्या दोन रांगांत, मुलगे सहाव्या रांगेपासून, आणि मधल्या तीन रांगांत प्राध्यापक, त्यांच्या सौ. आणि मोकळ्या खुर्च्या. एके वर्षी कल्चरल सेक्रेटरीने 'कपल डान्स' असा एक कार्यक्रम छापून टाकला. प्राचार्यांनी तो रद्द केला नाही, फक्त दोघांमध्ये चार फूट अंतर राहील अशी अट घातली आणि अंतर बघायला वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर नेमले. एकही कपल आलं नाही. टेंबे तेव्हा पडद्यामागे ट्यूबलाइट धरून उभे होते. फॉर्मल डान्सचा त्यांचा अनुभव तो एवढाच.

गावातल्या टान्झशूलेच्या, म्हणजे नाचाच्या शाळेच्या, इमारतीशी, खरं म्हणजे तिच्या पार्किंगशी, त्यांची जुनी ओळख होती. ईश्वरी नववीत असताना सगळ्या वर्गाने तिथे नाचाचा कोर्स केला होता. इथे नववीत तो करतातच. आपल्याकडे स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसतात तसं. चौदा गुरुवार टेंब्यांनी तिला सोडलं, गाडीत बसून ऑफिसच्या मेल्स उरकल्या आणि परत आणलं. प्रत्येक वेळी विचारलं, "कसं झालं?" प्रत्येक वेळी ती म्हणाली, "गूट," म्हणजे छान. बाप म्हणून आपण काही कमी पडू दिलं नाही, असं त्यांचं त्याबाबतीत मत होतं.

आता ते पहिल्यांदा आत गेले. शाळा एक बाई चालवत होत्या, फ्राउ फिस्टरर. त्यांनी फॉर्म दिला. नाव, पत्ता, जन्मतारीख, गुडघ्यांची तक्रार आहे का, आणि मग शेवटचा प्रश्न: जोडीत तुम्ही नेणार, की दुसरा नेईल तसे जाणार? दोन चौकोन.

इथे टेंबे थांबले. पूर्वी स्त्री की पुरुष असं सरळ विचारत. आता काळ बदलला म्हणून प्रश्न बदलला, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी आपल्या पद्धतीने विचार केला. आपल्याला नाचातलं ओ की ठो कळत नाही. आपण शिकायला आलोय. पहिल्याच दिवशी 'मी नेणार' असं लिहायचं म्हणजे उद्धटपणा झाला. गुरुजींसमोर पुढच्या बाकावर जाऊन बसणाऱ्यातले ते नव्हते. त्यांनी विनयाने दुसऱ्या चौकोनात खूण केली.

फ्राउ फिस्टररनी फॉर्म वाचला, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि प्रसन्न हसल्या. "टेंबे? तुमची मुलगी इथे होती ना? उंच, छान मुलगी." बाकी काही विचारलं नाही. जर्मनीत फॉर्मवर माणूस जे लिहील ते त्याचं खाजगी असतं.

त्यांच्या वाट्याला आले हेर हेबर्ले. सत्तर वर्षं, फाउंड्रीतून निवृत्त, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की घरात बसू नका. पंजा फावड्याएवढा. पहिल्याच दिवशी ते टाचा जुळवून टेंब्यांसमोर उभे राहिले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "डार्फ इश बिटन?" म्हणजे, आपल्याबरोबर नाचण्याची परवानगी आहे का? एवढ्या अदबीने टेंब्यांना कोणी काही विचारल्याला कित्येक वर्षं झाली होती. लग्नाच्या वेळीही सगळं परस्पर ठरलं होतं. त्यांना उगाचच भरून आलं आणि त्यांनी आपला हात त्या पंजात दिला.

बायका कमी असतील, म्हणून पुरुषांना पुरुष दिलेत, अशी त्यांनी समजूत करून घेतली. गाड्यांचं गाव, इंजिनियरांचा सुकाळ, यात नवल ते काय? गणपतीपुढे मुलगे मुलग्यांबरोबरच नाचत. डावा हात हेबर्लेंच्या दंडावर, डावा पाय मागे, आणि आइन्स, त्स्वाय, द्राय. हेबर्ले ढकलतील तिकडे टेंबे जात. आश्चर्य म्हणजे, तिसऱ्या आठवड्यात त्यांना ते आवडायला लागलं. दिवसभर कारखान्यात निर्णय घेऊन डोकं शिणलेलं असे. इथे एक तास दुसरं कोणी ठरवत होतं.

मात्र नेहमीच्या शिस्तीप्रमाणे गृहपाठ हवा होता. घरात जागा नव्हती आणि खाली फ्राउ शॉयफले राहत होत्या, ज्यांना वरच्या मजल्यावर चमचा पडला तरी तो कोणत्या धातूचा हे कळे. म्हणून टेंबे तळघरात जाऊ लागले. सायकली आणि हिवाळी टायरांच्या मधल्या बोळात ते दोन्ही हात हवेत धरून, डोळे मिटून, मागे मागे जात. एका शनिवारी ते असेच जात असताना बटाटे आणायला आलेल्या फ्राउ शॉयफलेंना पाठमोरे धडकले. बटाटे घरंगळले. दोघांनी मिळून गोळा केले. "आल्झो," म्हणजे 'अस्सं', त्या एवढंच म्हणाल्या. पण पुढच्या आठवड्यात घराच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. तळघराच्या सामाईक मार्गात एक रहिवासी वारंवार, उलट दिशेने आणि तालात चालत असल्याचे निदर्शनास आले असून सदर मार्ग आपत्कालीन सुटकेसाठी मोकळा ठेवणे बंधनकारक आहे.

टेंब्यांनी उत्तर पाठवलं की सदर मार्गावर कोणतीही वस्तू ठेवलेली नाही. आपण स्वतः हलते आहोत, आणि आपत्काल आल्यास सर्वांत आधी हलू. याला व्यवस्थापनाचं उत्तर आलं नाही. टेंबे हा विजय समजले.

बॉल शनिवारी. आदल्या दिवशी संध्याकाळी उत्कर्ष आणि त्याची बायको सुलेखा जेवायला आले. उत्कर्ष कारखान्यातला धाकटा सहकारी. त्याला सगळ्यातलं सगळं येतं. मिसळीत काय कमी आहे इथपासून जर्मन पेन्शनचं काय होणार इथपर्यंत. टेंब्यांनी थोडंसं आढेवेढे घेतल्यासारखं करून कोर्सच्या शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ लावला. कुंदाताईंनीच काढला होता. पडद्यावर टेंबे हेबर्लेंच्या हातात भिंगरीसारखे फिरत होते.

उत्कर्ष पापड खाता खाता थांबला. "श्रीधरराव, एक विचारू? तुम्ही बाईची बाजू का नाचताय?"

"बाजू?" टेंबे म्हणाले. "नाचाला बाजू असते?"

"असते म्हणजे? पुरुष पुढे येतो, बाई मागे जाते. ते आजोबा पुरुषाचं करतायत. तुम्ही बाईचं. पहिल्या पावलापासून!"

"पण फार छान करताय हो," सुलेखा घाईने म्हणाली. त्याने जखम आणखी खोल गेली.

टेंबे कुंदाताईंकडे वळले. "तू समोर बसून व्हिडिओ काढलास. तुला दिसलं नाही?"

"दिसलं की," कुंदाताई म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. हल्ली इथे कोणाला काय आवडेल सांगता येतं का? मी म्हटलं, आपण समजूतदारपणा दाखवावा."

टान्झशूलेला फोन लावला. फ्राउ फिस्टरर शांतपणे म्हणाल्या की हेर टेंबे, खूण तुम्ही केलीत. का केलीत हे आम्ही कोणालाच विचारत नाही. बाजू बदलायची तर सहा आठवडे लागतील.

आता हातात होती एक संध्याकाळ. उत्कर्षने बाह्या वर केल्या. "सोपं आहे. फिल्म उलटी चालवायची." टेंब्यांनाही ते पटलं, गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स असतोच. पण डोक्याने 'पुढे' म्हटलं की पाय सहा आठवड्यांच्या सवयीने मागे जात, आणि टेंबे जागच्या जागी कापूस पिंजल्यासारखे हलत राहत. त्यात त्यांनी उत्कर्षच्या पायावर तीनदा आणि पापडांवर एकदा पाय दिला. नऊ वाजता खालून फ्राउ शॉयफलेंनी काठीने छत ठोकलं.

शनिवारी दुपारी ऑटोबानवर कुंदाताई म्हणाल्या, "अहो, तिला फोन करून खरं काय ते सांगून टाका."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं की ती म्हणणार, मी म्हटलं होतं ना, नको म्हणून. ती बरोबरच म्हणत होती, कुंदा. एकदाच पोरीने काहीतरी मागितलं, ते मी तिच्या प्रोफेसरांसमोर वाया घालवणार." टेंब्यांनी बंदगळ्याचं वरचं बटण सोडलं. मागच्या सीटवर नाचाचे नवे बूट कापडी पिशवीत होते. रस्त्यावर घालायचे नाहीत म्हणून. कुंदाताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मानहाइम येईपर्यंत तो काढला नाही.

हॉलमध्ये झुंबरं नव्हती, तो विद्यापीठाचाच हॉल होता. पण पांढरे टेबलक्लॉथ, व्हायोलिनवाले, आणि एरवी जीन्समध्ये दिसणारी पोरं एकदम राजदूत झालेली. ईश्वरी समोरून आली. गर्द निळा लांब झगा, कानांत कुंदाताईंच्या आईच्या कुड्या. टेंब्यांना वाटलं, आपण हिला शेवटचं नीट कधी पाहिलं होतं? ती हसली, पण तिचा हात थंडगार होता. आपल्यामुळेच, टेंब्यांनी मनात नोंद केली.

नावं पुकारली गेली. दहा-बारा जोड्या मध्ये आल्या. "पापा," ती पुटपुटली, "दोन पावलं इकडे, दोन तिकडे. बाकी काही करायचं नाही. ओके?"

"ओके," टेंबे म्हणाले, आणि त्यांनी मनातल्या मनात घोकायला सुरुवात केली, पुढे, पुढे, उजवा पाय पुढे. व्हायोलिन सुरू झालं. त्यांचा हात त्यांना न विचारता वर गेला आणि हेबर्लेंच्या दंडावर जायचा तसा मुलीच्या दंडावर जाऊन बसला. त्याच क्षणी मुलीचा उजवा हात त्यांच्या पाठीमागून, खांद्याच्या हाडाखाली, घट्ट आला. आइन्स. ईश्वरीचा पाय पुढे आला. टेंब्यांचा डावा पाय मागे गेला.

एक पूर्ण गिरकी झाली तरी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. दुसऱ्या गिरकीत दोघांनी एकदमच खाली पाहिलं.

"तू मागे का जातोयस?" ती म्हणाली.

"तू पुढे का येतेयस?" ते म्हणाले.

पण पाय थांबेनात. समोरून एक लठ्ठ प्रोफेसर मुलासह आदळायला येत होते. ईश्वरीने बापाला अलगद डावीकडे काढलं आणि टेंबे लोण्यासारखे वळले. हॉलभर इतरांचे आईबाप 'सॉरी, सॉरी' करत होते. हे दोघे तेवढे फिरत होते. कडेच्या टेबलावरून कुंदाताई एका हाताने व्हिडिओ काढत होत्या आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या.

नाच संपल्यावर तिघं टेबलाशी बसली. टेंब्यांनी फॉर्म, विनय, हेबर्ले, बटाटे, सगळं सांगून टाकलं. ईश्वरी इतकी हसली की तिच्या कुडीची फिरकी निघाली. मग तिने ग्लास जवळ ओढला.

"मला दुसरी बाजू येतच नाही," ती ग्लासकडे बघत म्हणाली. "नववीतल्या कोर्सला मुलगे कमी होते. आणि मी अशी उंच. पहिल्या दिवशी सगळ्यांनी जोड्या निवडल्या, मी उरले. मग फ्राउ फिस्टररनी मला मुलग्यांच्या रांगेत उभं केलं. चौदाही गुरुवार. मला वाटलं, प्रॅक्टिस केलीस की तू पुरुषासारखा पुढे येशील, आपण आपटू, आणि तुला हे सगळं कळेल. म्हणून म्हटलं, प्रॅक्टिस नको."

 चौदा गुरुवार टेंबे त्या भिंतीच्या पलीकडे, वीस पावलांवर, गाडीचा हीटर लावून बसले होते. 'गूट' म्हणाली आणि आपण गाडी सुरू केली. पुस्तिकेतल्या त्या चार मुलींचा फोटो त्यांना आठवला. आपल्या लेकीला तिथे कोणी विचारलं नव्हतं, आणि नंतर आपणही विचारलं नव्हतं. कुंदाताईंनी लेकीची कुडी नीट केली. त्यांचे हात जरा जास्तच वेळ लावत होते.

व्हायोलिनवाले परत वाजवायला लागले. टेंबे उठले. बंदगळ्याचं वरचं बटण लावलं. टेबलाला वळसा घालून ते मुलीच्या समोर गेले, नव्या बुटांच्या टाचा जुळवल्या, आणि हेर हेबर्ले वाकत अगदी तसे, कमरेत, सावकाश, सगळ्या हॉलला दिसेल असे वाकले.

"डार्फ इश बिटन?"

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. ईश्वरीचं नाक लाल झालं. ती उठली, हात पुढे केला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या घरातलं धोरण मोडून, शब्द जुळवत जुळवत मराठीत म्हणाली, "हो, बाबा. पण नेणार मी."

"मग काय," टेंबे म्हणाले, आणि डावा पाय मागे घ्यायच्या तयारीत उभे राहिले.